भर दुपारचं चॉकलेट

रमजानात दिवसाढवळ्या रस्त्यावर खाल्लं तर कुवेतमध्ये तुरुंग. आम्हा परक्यांना हाकलून देतील ही धास्ती वेगळीच. मनिलाहून येऊन मला अकरा वर्षं झाली, तरी त्या महिन्यात पाण्याची बाटली काढण्याआधीही मी चारी बाजूंना बघून घेते.

त्या दुपारी बसथांब्यावर रोवेना घामाने निथळायला लागली. माझ्यासारखीच घरकामाला आलेली पोरगी. तिला मधुमेह. सकाळी इन्सुलिन घेतलं, पण मालकिणीला उपास, तिच्यासमोर खायचं कसं म्हणून उपाशीच निघाली. समोर पोलिसांची गाडी उभी होती.

साखर एकदम उतरली असणार, म्हणून मी पिशवीतून चॉकलेट काढलं.

"नको ताई, परत पाठवतील मला."

"मेलीस तरी पाठवतीलच, पेटीत घालून. खा गपचूप!"

तिने ओठ मिटून घेतले. मी अर्धं चॉकलेट जबरदस्तीने तिच्या तोंडात कोंबलं. तेवढ्यात गाडीचं दार उघडलं आणि पोलीस आमच्याकडे यायला लागला.

उरलेलं अर्धं मी स्वतःच्या तोंडात टाकलं आणि मचमच चावत त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"लाज नाही वाटत? थुंक!"

मी गिळलं. त्याने माझं मनगट धरलं. गाडीत बसताना मी एकदाच मागे पाहिलं.

रोवेना चावत होती.