तिसरीची पावलं

सिनेमाच्या पोस्टरवर ‘सहकुटुंब पाहावा असा’ हे शब्द वाचले तेव्हाच माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. तो ज्या कादंबरीवरून काढला, ती चार बहिणींची गोष्ट तीन पिढ्यांनी वाचली आहे. तिच्यातला बाप खोटं बोलून थोरलीचं लग्न लावतो. तिसरी त्याला तोंडावर खोटारडा म्हणते आणि घर सोडते. तो मरायला टेकला तेव्हा ती येते, उंबऱ्यावर बसते आणि सांगते, मी आलेय, पण माफी मागणार नाही. शेवटपर्यंत आत जात नाही. हे सहकुटुंब पाहण्याजोगं करायचं म्हणजे कुणाची मान पिरगाळायची ते सांगायला ज्योतिषी नको होता.

आमच्या घरातली प्रत ताईने इतक्या वेळा वाचली की शेवटची पानं सुटी झाली.

आधी आमचं काम सांगते. सिनेमात माणूस चालतो, खुर्ची ओढतो, कप ठेवतो, ते आवाज शूटिंगच्या वेळी धड येत नाहीत. ते मागाहून करून भरावे लागतात. माझी थोरली बहीण पडद्याकडे बघत लाकडी फळ्यांवर, फरशीवर, वाळूच्या पेटीत चालते आणि मी काचेपलीकडे बसून रेकॉर्ड करते. एकतीस वर्षं हेच चाललंय. साठी उलटली तरी शाळकरी पोरीपासून लठ्ठ पोलिसापर्यंत कुणाचीही पावलं ताई टाकते. स्वतःची चाल मात्र तिने कधी कुणाला दिली नव्हती. या सिनेमात ती तिने तिसरीला दिली. उजवी टाच जरा जोरात, डावं पाऊल किंचित उशिरा. लहानपणी घोटा मोडला होता, तेव्हापासून ती तशीच चालते.

का दिली ते मला कळत होतं.

आमची आई महिनाभर तापाने फणफणत होती आणि बाबा म्हणत होते, नाटकं आहेत सगळी. डॉक्टरला बोलावलं तेव्हा फार उशीर झाला होता. आई गेल्यावर आठवड्याने ताई भरल्या घरात बाबांना म्हणाली, “तुमच्या हट्टापायी आई गेली.” बाबा म्हणाले, माफी मागायची असेल तरच या घरात पाऊल टाक. ताई गेली ती गेलीच. पुढे बाबा वारले तेव्हा ती दोन दिवस उशिरा पोहोचली. त्याची तिला कधी खंत वाटली नाही. “मी शब्द मागे घेतला नाही, हे जाताना त्यांना माहीत होतं,” एवढंच ती म्हणायची, आणि ते म्हणताना तिचा चेहरा असा काही व्हायचा की मी दुसरा विषय काढायचे.

तर काम संपत आलं असताना एका सकाळी दिग्दर्शक हजर. पस्तिशीचा असेल. बोलणं इतकं मऊ की ऐकणाऱ्याला राग यावा.

“मॅडम, शेवट थोडासा बदललाय.”

काही कुटुंबांना सिनेमा दाखवून पाहिला होता. मुलं हिरमुसली. एक आजोबा मध्येच उठून गेले. म्हणून आता तिसरीने आत जाऊन माफी मागायची. नटी परदेशात, पुन्हा शूटिंग होणं शक्य नाही. पण याचं घोडं कुठेच अडत नव्हतं. कॅमेरा बापाच्या चेहऱ्यावर राहणार. बाप डोळे मिटून हसतो, असं दुसऱ्याच कुठल्यातरी प्रसंगातलं दृश्य त्याला सापडलं होतं. त्यावर धावत येणारी पावलं, गुडघे जमिनीवर टेकल्याचा आवाज, एक हुंदका.

“ती दिसणारच नाही हो. सगळं आवाजातच.”

म्हणजे नटीने न मागितलेली माफी आमच्या ताईच्या पायांनी मागायची.

ताई फळ्यांवर उभी राहिली. पडदा सुरू झाला. ती उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली. दुसऱ्यांदाही तिथेच. तिसऱ्यांदा थांबली तेव्हा तिने बूट काढून बाजूला ठेवले.

“ही आत जात नाही,” ती म्हणाली.

“ताई, फक्त चार पावलं,” दिग्दर्शक म्हणाला.

मग मात्र माझा पारा चढला. “अहो, काही वाटतं का तुम्हाला? त्या बाईने सगळं पुस्तक ताठ मानेने काढलं आणि तुम्ही तिला पाच सेकंदांत गुडघ्यावर आणता, तेही ती खोलीत नसताना? माफी ज्याची त्याने मागायची असते. तिच्या नावाने दुसऱ्याने मागितली तर ती चोरी होते.”

तो चिडला नाही. त्याने फोन काढला आणि म्हणाला, “मग मला दुसऱ्या स्टुडिओत जावं लागेल. तिथली चाल याला जुळणार नाही. तिसरीची आधीची सगळी पावलं काढून नव्याने करून घ्यावी लागतील.”

“घेऊ दे करून,” ताई म्हणाली.

मला ते सहन होईना. सहा आठवड्यांचं काम, आणि तेही तिची स्वतःची चाल. मी काचेपलीकडून उठले, त्याला रेकॉर्डचं बटण दाखवलं आणि आत जाऊन ताईचे बूट चढवले. ताईने मान हलवून नको म्हटलं. मी लक्ष दिलं नाही. घरातलं काही मोडायला आलं की ते मीच सांधायचं, ही माझी जुनी खोड.

एकाच टेकमध्ये झालं. उजवी टाच, मग उशिराचं डावं पाऊल, मग धाव, मग गुडघे. हुंदकासुद्धा.

“कमाल,” दिग्दर्शक स्पीकरवरून म्हणाला. “अगदी तीच.”

ताई स्टुलावर बसून माझ्या पायांकडे बघत होती.

“धाकटे, एकतीस वर्षांत तू या फळ्यांवर एकदाही चालली नाहीस.”

“ऐकून ऐकून जमलं.”

“ऐकून पाय तयार होत नाहीत. पोलिसाची चाल बसवायला मला दोन दिवस लागले. ही तू कुठे बसवलीस?”

मला खोटं सुचलं नाही. तिच्यापुढे कधीच सुचत नाही.

शेवटच्या दिवसांत बाबांची नजर गेली होती. माणसं ते पावलांवरून ओळखायचे आणि रोज विचारायचे, ती आली का. ताईचे जुने बूट कपाटात पडून होते. ते घालून मी मधल्या बोळात एक सबंध दुपार चालले. संध्याकाळी तशीच त्यांच्या खोलीत गेले, पलंगाशी गुडघे टेकले आणि रडत म्हणाले, “बाबा, चुकलं माझं.” रडताना आम्हा दोघींचा आवाज सारखाच येतो. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तिसऱ्या दिवशी ते गेले. आपण सगळ्यांचंच भलं केलं, असं मी इतकी वर्षं समजत होते.

हे सगळं मी तिचेच बूट पायात घालून तिला सांगितलं.

“म्हणजे मी माफी मागितली असं समजून ते गेले,” ताई म्हणाली.

“अगदी शांत गेले गं ताई.”

“शांत जायला नको होतं त्यांनी.” तिचा आवाज चढला नाही. “आईसाठी माझ्या हातात तेवढंच उरलं होतं. तेही तू देऊन टाकलंस.”

तिने बुटांसाठी हात पुढे केला. मी खाली बसून नाड्या सोडू लागले, तर गाठ सुटेना. काचेपलीकडून दिग्दर्शक विचारत होता, “मॅडम, हाच टेक ठेवू ना?”

नको म्हणायला मला तोंड उरलं नव्हतं.