नवसाची ज्वारी

मी एक जुनं बुजगावणं आहे, मित्रांनो. जुनं म्हणजे नऊ वर्षांचं. माणसांत नऊ वर्षांच्या मुलाला शाळेत सोडायला जावं लागतं. आमच्यात नऊ उन्हाळे काढलेला म्हणजे दोनदा कपडे बदललेला, एकदा वाळवीने खाल्लेला, मुरलेला कर्मचारी.

तिसगावच्या शिवारात, विहिरीच्या अंगाला माझा जन्म झाला. मला गोजरबाईने घडवलं. बाभळीच्या दोन काठ्या, पोटात कडबा आणि वर तिच्या नवऱ्याचा, पुंजारामचा, सदरा. सदरा अजून धड होता, त्यामुळे थोडी बोलाचाली झाली.

"आगं, आजून दोन सालं गेला आसता की त्यो सदरा!"

"तुमच्या अंगावर त्यो नुसता बसून ऱ्हातो. रानात हुबा तरी ऱ्हाईल."

तेव्हापासून मी उभं आहे. पुंजाराम गेला, त्यालाही आता चार वर्षं झाली.

पाखरं मला पहिले चार दिवस घाबरली. पाचव्या दिवशी एक साळुंकी खांद्यावर येऊन बसली आणि तिने मला आतून-बाहेरून ओळखलं. तरी वारा सुटला की बाह्या हलत आणि थवा उडून जाई. गोजरबाई एकदा शेजारणीला म्हणाली, "हाय म्हनून बरं हाय." नऊ वर्षांत माझं कौतुक झालं ते एवढंच. मी ते अजून पुरवून पुरवून वापरतो.

माझी नेमणूक सगळ्या रानावर नव्हती. विहिरीजवळच्या सहा ओळींवर होती. त्या सहा ओळी गूळभेंडीच्या. ही हुरड्याची जुनी ज्वारी. दाणा गोड, बोंडातून सहज सुटणारा. गोजरबाईला हे बी सासूने दिलेलं. दर साली कणसं भरायला लागली की ती या ओळींतून सावकाश फिरते आणि सगळ्यांत भरलेल्या कणसांना आपल्या जुन्या लुगड्याच्या काठाची चिंधी बांधते. चिंधी बांधलेलं कणीस बियाचं. त्याला घरच्यांनीही हात लावायचा नाही. ते रानातच ताटावर, म्हणजे उभ्या धाटावर, वाळतं, फाल्गुनात उतरवतात आणि पुढच्या साली पेरतात.

गेल्या साली काढणीच्या तोंडावर गारा झाल्या आणि दाणे काळे पडले. घरात जुनं बी होतं, तेवढं सगळं यंदा पेरून टाकलं. मागे राखीव काही उरलं नाही. यंदा गोजरबाईने अकरा कणसांना चिंधी बांधली. ती अकरा गेली, तर सासूचं बी गेलं.

आता तिच्या मुलाकडे येतो. वैजनाथ चाकणला कंपनीत होता. तिथून तो एक कल्पना आणि एक प्रिंटर घेऊन परत आला आणि रस्त्याला बोर्ड लागला : ‘मातीची माया कृषी पर्यटन. हुरडा पार्टी. कौटुंबिक वातावरण.’ चुलीवरचं जेवण होतं. चूल पुढे पेटलेली असे आणि जेवण पत्र्यामागे गॅसवर होई. बैलगाडीची सफर होती. बैल शेजारच्यांचे, त्यांना शनिवार-रविवारी ओव्हरटाईम. विहीर दाखवण्याचाही कार्यक्रम होता. लोक वाकून बघत आणि म्हणत, "पाणी आहे!"

मित्रांनो, सुट्टीत फिरायला निघालेलं कुटुंब मी जवळून पाहिलं आहे. ते पुण्याहून शांतता शोधायला येतं आणि सोबत स्पीकर आणतं. गाडीतून चार माणसं आणि पाच मोबाईल उतरतात. वडील म्हणतात, "नैसर्गिक हसा," आणि सगळे तीनदा नैसर्गिक हसतात. मग हुरडा खाताना हात काळे होतात म्हणून चमचा मागतात. डिसेंबर लागला की पेपरात ‘यंदा सुट्टीत कुठे जाल? हटके दहा ठिकाणं’ असा लेख येतो. तो लिहिणारा दहापैकी एकाही ठिकाणी गेलेला नसतो, ही त्या ठिकाणांची पुण्याई.

नाताळ आला. वैजनाथ सकाळीच रानात आला आणि त्याने मला मुळासकट उपटलं. फाटकाजवळ रोवलं, लाल झगा घातला, हनुवटीला कापूस चिकटवला. मी सांताक्लॉज झालो. हुरड्याचा आणि नाताळाचा संबंध काय, हे मी विचारलं नाही, कारण मला तोंड नाही. ज्यांना होतं त्यांनीही विचारलं नाही.

गोजरबाई धावत आली. "आरं, त्येला कशापायी उपटलं? बियाचं रान उगडं पडलं की!"

"आई, चार दिसाचा प्रश्न हाय. पाखरं खाऊन खाऊन किती खातील?"

"पाखरं कनीस खात्यात. मानसं काय काय खात्यात, त्ये तुला ठाव न्हाई."

त्याच दुपारी पुण्याची रेश्मा नावाची बाई फिरत फिरत सहा ओळींत शिरली. मागे नवरा.

"अय्या, कणसांना चिंध्या कशाला बांधल्यात?"

नवऱ्याला सगळं माहीत असतं, तशी त्यांच्यात पद्धत असावी. तो म्हणाला, "नवस. गावाकडे झाडाला बांधतात. इथे झाडं कमी, म्हणून ज्वारीला."

रेश्माने केसांची रिबीन सोडली, एका कणसाला बांधली, डोळे मिटले, आणि मिटलेल्या डोळ्यांचा व्हिडिओ काढून नवऱ्याने मोबाईलवरून सगळीकडे पाठवला. खाली ओळ : ‘नवसाची ज्वारी. इथे मागाल ते मिळतं.’ दुसऱ्या दिवशी तीस गाड्या आल्या. कोणी फ्लॅट मागितला, कोणी व्हिसा, कोणी मुलीला इंग्रजी शाळेत ॲडमिशन. एका गृहस्थाने वजन कमी होऊ दे म्हणून रिबीन बांधली आणि जाऊन चौथ्यांदा हुरडा घेतला. जोंधळ्याकडे त्याच्या स्वतःच्या वाढीसाठी मात्र कोणी काही मागितलं नाही.

वैजनाथला खरं ठाऊक होतं. लहानपणापासून त्याने आईला चिंध्या बांधताना पाहिलं होतं. त्याने फाटकातून येणाऱ्या गाड्या मोजल्या. मग मोटारसायकल काढून बाजारात गेला आणि रिबिनींचा अख्खा गठ्ठा घेऊन आला.

तिसऱ्या दिवशी टीव्हीवाले आले. अश्विनी नावाची मुलगी ज्वारीत उभी राहून म्हणाली, "पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही परंपरा..." परंपरा त्या दिवशी तीन दिवसांची होती. मग तिने गोजरबाईपुढे माईक धरला.

"आजी, एवढी गर्दी बघून कसं वाटतंय?"

"बियाचं हाय त्ये. हात लावू नका म्हनावं."

संध्याकाळी बातमी लागली : ‘श्रद्धेचं बी रुजलं! ऐंशी वर्षांच्या आजींचा भाविकांना आशीर्वाद.’ गोजरबाई चौसष्ट वर्षांची आहे.

रविवारी हुरडा संपला. पाहुण्यांना कोणीतरी सांगितलं, की नवसाच्या ज्वारीचा प्रसाद भाजून खावा. गोजरबाई तेव्हा पत्र्यामागे भाकरी थापत होती. ती ऊन उतरल्यावर रानात गेली. ताटं आडवी पडली होती आणि उभ्या ताटांवर लाल, निळ्या, चंदेरी रिबिनी फडफडत होत्या. तिने एकेक ताट धरून पाहिलं. लुगड्याचा काठ लांबून ओळखतो माणूस. अकरांपैकी चार सापडली. एक चिंधी हुरडा भाजायच्या आगटीच्या राखेत अर्धी जळालेली मिळाली. सहा कुठेच नव्हत्या.

वैजनाथ फाटकाशी मोबाईलवर एकतीस तारखेचं बुकिंग घेत होता. ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"वैजू, पुढल्या साली पेरशील काय? रिबिनी?"

"आनू की दुकानातनं बी. तू लई मनाला लावून घेती."

"आन की. मंग बोर्डावरची माती काढ आन दुकानाचं नाव लिही."

त्याने मोबाईल कानाला लावला. पलीकडून फोन केव्हाच बंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक कुटुंब माझ्या गळ्यात हात टाकून उभं असताना गोजरबाईने मला उपटलं.

"आजी, एक मिनिट! फोटो होऊ द्या ना."

"ग्या की फोटू. चालत चालत ग्या."

तिने मला खांद्यावर टाकलं आणि निघाली. कुटुंब मागून फोटो काढत आलं. वाटेत तिने माझी दाढी उपटून फेकली. "चल, लई केलं सोंग." सहा ओळींच्या मधोमध तिने मला रोवलं आणि स्वतः माझ्या पायाशी बसली. मांडीवर गोफण.

एकतीस तारखेला गर्दी आली. रिबिनी घेऊन लोक बांधावर चढले. गोजरबाई उठली, गोफण दोनदा फिरवली आणि सोडली. दगड सगळ्यांच्या डोक्यावरून जाऊन विहिरीत पडला.

"लाईव्ह शो आहे का हा?" एकाने विचारलं.

दुसरा दगड त्याच्या बुटापासून वीतभर अंतरावर पडला. मग कोणी काही विचारलं नाही.

वैजनाथ पळत आला. आईकडे पाहिलं, चार कणसांकडे पाहिलं. पुन्हा आईकडे पाहिलं. ती तिसरा दगड निवडत होती. त्याने बांधावर बाभळीच्या फांद्या ओढल्या आणि पाहुण्यांना हात जोडून म्हणाला, "मंडळी, आज नवस तुरीला हाय. पलीकडल्या बाजूला या."

आणि मित्रांनो, सगळे गेले. एकानेही कारण विचारलं नाही. तुरीला रिबिनी बांधल्या, डोळे मिटले, नैसर्गिक हसले आणि व्हिडिओ काढले.

चारपैकी एक कणीस पुढे पाखरांनी नेलं. तो माझा दोष, मी कबूल करतो. उरलेली तीन फाल्गुनात उतरली. गोजरबाईने फडक्यावर हाताने मळली, फुंकून कोंडा उडवला. ओंजळभर दाणे निघाले. मग त्यांना राख चोळून गाडग्यात घातलं आणि गाडग्याचं तोंड बांधलं.

तर जुन्या वस्तूंची काळजी घ्या, वगैरे मी म्हणणार नाही. मी काठ्यांचं आहे, मोडलं तर दुसरं होईल. एवढंच सांगतो, की रानात कणसाला चिंधी दिसली तर ती ज्या बाईने बांधली तिला विचारा, आणि ती सांगेल ते ऐका. सप्टेंबरच्या शेवटी, हस्त नक्षत्रात, गोजरबाई ती ओंजळ पेरणार आहे. तेव्हा सुट्टी नसते, टीव्हीवाले नसतात, हुरडा तर नसतोच. यायचंच असेल तर त्या दिवशी या. पेरणीच्या पाभरीमागे चालायला तिला एक माणूस कमी पडतो.