टॅब मोडलेली कॅसेट

आई जाऊन अकरा महिने झाले होते. रविवारी मी कारेगावहून दौंडला घरी आले, तर आप्पांनी टेपरेकॉर्डर माझ्यासमोर आणून ठेवला.

"आवाजच देत न्हाई. तू इलेक्ट्रॉनिक्स शिकलीस ना, बघ."

आप्पा रेल्वेत पॉइंट्समन होते. त्यांना नाद एकच, इंजिनांचे भोंगे टेप करायचे. कपाटात चाळीसेक कॅसेट आहेत, प्रत्येकीवर गाडीचं नाव आणि तारीख. त्यातली एक मात्र फडक्यात बांधलेली. तिच्यात सुरुवातीलाच जुन्या डिझेल इंजिनाचा भोंगा लागतो आणि मागून आई म्हणते, "अवो, च्या निवतोय की! का त्या गाडीला पाजायचाय?"

गाडीचं रेकॉर्डिंग नासवलं म्हणून आप्पा तेव्हा दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते. आता तिचा आवाज कुठे उरला असेल तर तेवढाच, सात सेकंद. मोबाईलमध्ये फोटो पुष्कळ आहेत, पण व्हिडिओ सुरू केला की ती तोंडाला पदर लावून नुसता हात हलवायची.

मी फडक्याची गाठ सोडायला लागले.

"ती नगं," आप्पा म्हणाले. "बिघडल्याल्या मशीनमधी ती न्हाई घालायची. दुसरी कंची बी घे."

"आप्पा, हिच्या कडेची ही प्लॅस्टिकची टॅब तुम्हीच मोडलीय, बघा. टॅब मोडली की रेकॉर्डिंगचं बटण दाबलंच जात नाही. पुसायची भीतीच नाही."

दुरुस्तीनंतर पहिला आवाज आईचा यावा, एवढंच माझ्या मनात होतं.

"तुला ठावं," म्हणत ते चहा टाकायला आत गेले.

मी तीच कॅसेट घालून प्ले दाबलं. टेप फिरत होती, आवाज शून्य. आवाजाची खुंटी इकडेतिकडे फिरवली, स्पीकरवर टिचकी मारली. "का गं बाई, का नाही बोलत?" असं त्या मशीनलाच विचारलं. दीड मिनिटाने बंद करून स्क्रू काढले.

बिघाड लगेच दिसला. आत बोटाएवढा लांब सरकता स्विच असतो. तो एका बाजूला असला की मशीन आवाज टिपतं, दुसऱ्या बाजूला असला की ऐकवतं. रेकॉर्डिंगचं बटण त्याला ढकलतं आणि स्प्रिंग परत आणते. आतलं ग्रीस वाळून डिंकासारखं झालं होतं. आप्पांनी शेवटची गाडी टेप केली तेव्हापासून स्विच टिपण्याच्या बाजूलाच अडकून बसला होता.

टॅब फक्त बटणाला अडवते. स्विच आधीच सरकलेला असेल तर ती काही करू शकत नाही.

म्हणजे मघाचं दीड मिनिट मशीन ऐकवत नव्हतं, टिपत होतं. मग, दुसरं काही सुचेना म्हणून, स्विच साफ केला. क्लीनर मारला, पंचवीस वेळा पुढेमागे सरकवला, काळं पाणी कापसाने टिपलं. स्प्रिंगने त्याला टक्‌कन जागेवर आणलं. मीटर लावला. सगळे जोड ठीक होते. कॅसेट मागे गुंडाळली, पण प्ले दाबायला बोट उचलेना.

आप्पा दोन कप घेऊन आले. "झालं व्हय?"

"आप्पा, थांबा..."

त्यांनी प्ले दाबलं होतं. खोलीची घुमघुम. टिचकी. मग माझा आवाज: "का गं बाई, का नाही बोलत?" बऱ्याच वेळाने खट्‌ झालं आणि लांब जाणाऱ्या डब्यांची खडखड तेवढी ऐकू आली.

"मी पुसली, आप्पा. तुम्ही नको म्हणाला होतात."

कॅसेट मागे नेऊन त्यांनी पुन्हा पहिल्यापासून ऐकली, खडखड संपेपर्यंत. मग ती काढून फडक्यात बांधली, पहिल्यासारखीच घट्ट.

"अवो, च्या निवतोय की," ते हळूच म्हणाले. थांबले. पुन्हा म्हणून बघितलं. "असं न्हाई. ती 'अवो' जरा लांबवायची." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तू म्हण बरं."

मी तोंड उघडलं. चहावर साय धरली, तरी मला ते म्हणता आलं नाही.