बुवाच्या समाधीचं दुसरं तोंड

ठाण्याला आगगाडी येऊन तीस वर्षं झाली होती. पण त्या दिवशी कोलशेतच्या खाडीकाठी अक्कल कुणाकडे आलेली दिसत नव्हती. पाय ठेवायला जागा नाही एवढी गर्दी! श्वासजित बुवा कालपासून जमिनीखाली होते. खड्ड्यावर फळ्या, फळ्यांवर चिखल, वर झेंडूची रास, कडेला तुळशीची कुंडी. बिनश्वासाचा माणूस जिवंत! बायका लोटांगणं घालत होत्या. शेजारी आणखी एक खड्डा उघडा होता, लहान पोरीच्या मापाचा.

तो आवडाबाई कोळणीच्या सरस्वतीसाठी होता. आवडाबाईचा नवरा तुफानात गेला. उरली ही आठ वर्षांची पोर, आणि तिला दमा. काढे झाले, अंगारे झाले, कोंबडीही झाली. शेवटी बुवाचा शिष्य गुणाजी म्हणाला, "एक घटका जमिनीत ठेव. बुवा खालून शक्ती देतील." बाई बापडी कबूल झाली. बुडत्याला काडीचा आधार!

शाळेचे त्र्यंबक मास्तर तिला आडवे आले. "अगं, दिव्यावर घागर पालथी घालून बघ. हवा संपली की दिवा विझतो. पोरीचंही तेच होईल."

"पन मास्तर, बुवा जिता हाय ना खाली?"



बुवाच्या दोघा चेल्यांनी सरस्वतीला उचलून खड्ड्यात ठेवलं. पोर रडली नाही. रडायला दम कुठे होता? गुणाजीच्या तोंडाचा पट्टा सुरूच होता. "सोडा श्वास, सुटेल त्रास! श्वास म्हणजे मोह, माऊली! पाण्यातला मासा कधी श्वास घेतो? मग आपल्यालाच कशाला हवा?"

आवडाबाई गर्रकन वळली. मासा श्वास घेत नाही? मेल्याने जिवंत मासळी कधी हातात तरी धरली होती का? टोपलीतल्या मासळीचे कल्ले कसे तडफडतात, ते तिने जन्मभर पाहिलं होतं. कल्ले थांबले की मासळी संपली. आणि हा शिकवतोय कुणाला, तर कोळणीला!

तिने खड्ड्यात उडी घेतली आणि पोरीला बाहेर काढलं. मग चिखलाकडे नीट पाहिलं. चिखलातली निवटी धरणाऱ्या बाईला ठाऊक असतं, की त्या मासळीच्या बिळाला दोन तोंडं असतात. एकात हात घालण्याआधी दुसरं बुजवायचं, नाहीतर ती पसार. बुवाचं दुसरं तोंड कुठे? गुणाजी कालपासून तुळशीच्या कुंडीला चिकटून बसला होता.

"ऊठ रं!" तिने कुंडी ढकलली. खाली पोकळ बांबूचं तोंड होतं. हात धरला तर ऊन वाफ लागली.

तिने त्यावर मूठभर चिखल थापला.

गर्दी पुढे सरसावली. थोड्या वेळाने फळ्यांखाली धडधड सुरू झाली. "काढा! मेलो! काढा!" बिनश्वासाचे बुवा बोंबलत होते. लोकांनी फळ्या उपसल्या, तर महाराज काळेनिळे होऊन घटाघटा हवा गिळू लागले.

तेवढ्यात कोपरीची जनाबाई पुढे आली. गेल्या महिन्यात तिचा नातू याच बुवाने पुरला होता. तो उठला नाही, तेव्हा 'देवाने पसंत केला' असं सांगितलं, आणि म्हातारीने गावजेवण घातलं होतं. तिने बांबू उपसून उलटसुलट पाहिला.

"तुला नळी होती," ती बुवाला म्हणाली, "मंग माज्या नातवाला का नाय दिली?"

बुवा दम घेत होता.

लोकहो, मुंगीपासून हत्तीपर्यंत श्वासावाचून जगलेला एक जीव दाखवा! नसेल दाखवता येत, तर दम्याच्या पोराला खड्ड्यात घालू नका. खिडकी उघडा, डॉक्टरकडे न्या. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी विचारा, "हवा कुठून येते?" विचारायला उशीर झाला की काय होतं, ते जनाबाईच्या घरी जाऊन बघा.