पिशव्या गणपती

मंडळी, आपल्या प्रत्येकाच्या घरात दारामागे एक पिशवी असते. ती सकाळी कोणी टाकायची, यावरून जेवढे संसार कुरकुरतात तेवढे सासूवरूनही कुरकुरत नसतील. कसबा पेठेतल्या श्रीनिवास वैशंपायनांच्या घरी मात्र हा वाद नव्हता. घंटागाडी गल्लीच्या तोंडाशी नऊ वाजता येई. तोवर श्रीनिवासराव विमा कचेरीत आणि पद्मजाबाई शाळेत पोचलेल्या असत. त्यामुळे पहाटे सव्वासहाला दूध आणायला जाताना श्रीनिवासरावांच्या हातात ती पिशवी असे आणि परतताना फक्त दूध असे. मध्ये काय घडे, याची त्या घरात कधी चर्चा झालेली नव्हती.

मध्ये हौद होता. गल्लीच्या वळणावरचा जुना, दगडी, कोरीव कमानीचा हौद. त्यात पाणी येणं कधीच बंद झालं होतं, पण जुनं पुणे बघायला निघालेली माणसं दर रविवारी तिथे थांबत आणि नाकाला रुमाल लावून इतिहास ऐकत. कारण हौदाच्या कोपऱ्यात गल्लीचा सगळा कचरा पडलेला असे.

श्रीनिवासरावांना याचा मनस्वी संताप येई. ते गल्लीच्या सुशोभन समितीचे चिटणीस होते. कोपऱ्याचा फोटो काढून त्यांनी सहा वर्षांत एकसष्ट तक्रारी धाडल्या होत्या. प्रत्येक तक्रारीचं शेवटचं वाक्य ठरलेलं असे: 'तरी संबंधित सफाई कर्मचाऱ्यावर कडक कारवाई व्हावी, ही विनंती.' अर्जाचा शेवट असाच करायचा असतो, म्हणून ते तसा करत. त्या वाक्याच्या टोकाला एखादा जिवंत माणूस उभा असेल, हे त्यांच्या मनात आलं नव्हतं.

तिथे मैना उभी होती. ती धायरीहून पहिल्या बसने स्वारगेटला उतरे, तिथून चालत कसब्यात येई आणि सात ते अकरा ती गल्ली झाडे. ती कोपरा साडेसातला साफ करी. आठ वाजेपर्यंत तो पुन्हा भरे.

एकसष्टाव्या तक्रारीला उत्तर आलं. सहा वर्षं श्रीनिवासराव उत्तराची वाट बघत होते आणि आता ते वाचून त्यांनी उभ्या उभ्या दोन ग्लास ताक प्यायलं. वारसा गल्ल्यांच्या स्पर्धेची पाहणी तीन आठवड्यांनी शनिवारी होती. त्या दिवशी हौदाचा कोपरा अस्वच्छ आढळल्यास सफाई कर्मचारी मैना संपत पोकळे यांना ठेकेदार सोमवारपासून कामावरून कमी करील, तक्रारदारांनी नोंद घ्यावी.

"अहो, मग चांगलंच झालं की," पद्मजाबाई म्हणाल्या. "कडक कारवाई हवी होती ना तुम्हाला?"

श्रीनिवासरावांनी नोंद घेतली. ती त्यांच्या छातीत जळजळ होऊन बसली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी समितीची सभा बोलावली. अध्यक्ष बाळकाका तांबट होते. तांब्याची भांडी ठोकण्यात आयुष्य गेल्यामुळे त्यांना कमी ऐकू येई आणि म्हणूनच ते अध्यक्ष म्हणून टिकले होते. श्रीनिवासरावांनी उपाय सुचवला. आपल्याकडे जिन्याच्या कोपऱ्यात लोक थुंकू नयेत म्हणून देवाच्या फरशा लावतात. तशाच हौदाला लावू. देवासमोर कोण कचरा टाकील? सगळ्यांनी माना डोलावल्या. रविवारी त्या दगडावर सिमेंट थापून सात फरशा चिकटवल्या गेल्या, मधोमध गणपती.

सोमवारी कोपरा स्वच्छ राहिला. मंगळवारीही राहिला. श्रीनिवासरावांनी ताक अर्ध्या ग्लासावर आणलं. स्वतःची पिशवी ते आता पुढच्या चौकात नेऊ लागले होते.

गुरुवारी गणपतीसमोर एक झेंडूचं फूल दिसलं. त्यांना बरं वाटलं. शुक्रवारी तीन हार आणि एक नारळ दिसला. पुढल्या मंगळवारी आरती झाली. स्वारगेट डेपोतल्या एका कंडक्टरची बदली तिथे हात जोडल्यावर रद्द झाली, अशी बोलवा उठली आणि तो खरोखरच पेढे घेऊन आला. ज्या शहरात जिलब्या मारुती आणि पासोड्या विठोबा सुखाने नांदतात, तिथे नाव पडायला कितीसा वेळ लागणार? दहाव्या दिवशी रिक्षावाले त्याला, कोपऱ्यातल्या जुन्या कचऱ्यावरून, पिशव्या गणपती म्हणू लागले.

आणि निर्माल्य साठू लागलं. हार, दुर्वा, केळीची पानं, नारळाच्या शेंड्या, उदबत्तीची खोकी. मैनाने पहिल्या दिवशी ते झाडायला घेतलं तेव्हा दोन बायका अंगावर धावून गेल्या. देवाच्या फुलांना झाडू लावतेस? तिने झाडू खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी हाताने उचलू लागली, तर हातही चालेना. मुकादमाला विचारलं तर तो म्हणाला, निर्माल्य आपल्याकडे येत नाही, पण कोपरा साफ पाहिजे. थोडक्यात, तो ढीग मैनाच्या हाताला देव होता आणि पाहणीवाल्यांच्या डोळ्यांना कचरा ठरणार होता.

तिसऱ्या आठवड्यात तर कमाल झाली. ढिगात गाठ मारलेल्या पिशव्या दिसू लागल्या आणि प्रत्येक पिशवीच्या गाठीत एक झेंडूचं फूल खोचलेलं असे. आत काय आहे, ते कोणी विचारत नसे. फूल आहे म्हणजे निर्माल्य.

बुधवारी पहाटे पाऊस भुरभुरत होता. पुढचा चौक लांब वाटला. श्रीनिवासरावांनी इकडेतिकडे पाहिलं, देवघरातून आणलेलं कालचं फूल गाठीत खोचलं आणि पिशवी गणपतीसमोर ठेवली. वर नमस्कारही केला.

शुक्रवारी त्यांनी कचेरीत रजा टाकली. उद्या पाहणी होती. सकाळी साडेसातला ते हौदाशी गेले, तर मैना ढिगासमोर पायरीवर बसलेली. ढीग गणपतीच्या सोंडेपर्यंत आला होता.

"मैनाबाई, काहीतरी करायला हवं," ते म्हणाले.

"करा की."

"तुमची नोकरी जाईल हो."

"म्हायती हाय." तिने पदराने तोंड पुसलं. "तक्रारीचा कागद वाचून दाखवला मुकादमानं. तुमची सही हाय म्हणं खाली."

श्रीनिवासरावांनी घसा साफ केला. लोक ऐकत नाहीत, लोकांना शिस्त नाही, आपल्या लोकांना काठीच हवी, असं बरंच ते बोलले. मैना ऐकत राहिली. मग तिने ब्लाऊजमधून घडी केलेला एक कागद काढला. त्यावर चहाचा डाग होता आणि कडेला लिंबाची बी चिकटली होती. श्रीनिवासरावांनी अक्षर ओळखलं. त्यांच्या साठाव्या तक्रारीचा तो कच्चा मसुदा होता. 'अज्ञात, बेजबाबदार नागरिक' हे शब्द खोडून वर 'समाजकंटक' केलेलं होतं.

"हितंच घावला," मैना म्हणाली. "तुमच्या पिशवीत. मला येत न्हाई वाचाया, माझ्या शालूनं वाचला. लई हसली ती."

श्रीनिवासरावांनी कागद उलटसुलट करून पाहिला.

"तुम्हाला ठाऊक होतं? कधीपासून?"

"सहा वर्सं झाडते म्या. कुठली पिशवी कुणाची, मला समदं कळतंय. तुमच्या घरी साखरेच्या दुखण्याच्या गोळ्या चालू झाल्या, तवापासून बिस्कुटाचे पुडे दुप्पट झाले. बाईंस्नी म्हायती न्हाई वाटतं."

"मग मुकादमाला सांगितलं का नाहीत?"

"सांगून काय हुईल, सायेब? तुमच्या हाती कागद हाय, माझ्या हाती झाडू. दोन्ही कचेरीत गेली, तर खुर्ची कुणाला देत्यात?"

तिचा आवाज चढला नव्हता. श्रीनिवासरावांना तो चढला असता तर बरं झालं असतं.

"आन् देवाचं म्हणाल तर," ती उठत म्हणाली, "देवाला राखणीला बसवलं तुमी. आमच्या गावात राखणीला माणूस बसतो, देव देवळात असतो. घाण आपली, आन् पहारा त्यानं करायचा?"

त्या दिवशी श्रीनिवासराव जेवले नाहीत. त्यांनी बासष्टावं पत्र लिहायला घेतलं, पण शेवटचं वाक्य काही सुचेना.

शनिवारी पाहणी साडेनऊला होती. श्रीनिवासराव सात वाजता बाळकाकांना घेऊन हौदाशी आले. बाळकाकांनी नारळ फोडला, गणपतीला हात जोडून "चला, आता घरी," म्हटलं आणि छिन्नी लावली. दगडाला ओरखडा न काढता सिमेंट उडवण्याचं कसब त्या हातात होतं. तिसरी फरशी निघेतो गर्दी जमली. देवाला हात लावणारे तुम्ही कोण, असा गलका झाला. बाळकाकांना ऐकू आलं नाही. ते ठोकत राहिले.

श्रीनिवासराव ढिगाशी वाकले. त्यांनी ढिगातून एक पिशवी उचलली.

"ही माझी आहे!" ते ओरडले. "बुधवारची. मीच ठेवली."

त्यांनी गाठ सोडली, फूल बाजूला ठेवलं आणि आतलं एकेक बाहेर काढून मोठ्याने सांगू लागले. कांद्याची सालं. चहाचा चोथा. फाटका मोजा. क्रीमच्या बिस्किटांचा पुडा, रिकामा. त्याच्या खाली आणखी एक, रिकामा.

"अहो!" गर्दीतून पद्मजाबाईंचा आवाज आला.

"हे निर्माल्य नाही, हे मी आहे," श्रीनिवासराव म्हणाले. "सहा वर्षं टाकतोय. आणि तक्रारी मैनाबाईंवर केल्या. आता पुढची पिशवी उघडतो. कोणाची आहे ते आतल्या कागदांवरून कळेलच. नाही कळलं तर मैनाबाईंना विचारू."

मग एक गृहस्थ पुढे आले आणि दुसरीकडे बघत त्यांनी एक निळी पिशवी उचलली. त्यांच्यामागून एक बाई आल्या आणि "चुकून राहिली होती," म्हणत दोन घेऊन गेल्या. त्यानंतर रांगच लागली. कोणी ढकलाढकली केली नाही, कोणाची पिशवी कोणाकडे गेली नाही. प्रत्येकाला आपली नेमकी ठाऊक होती. ज्या ढिगापुढे महापालिकेने हात टेकले असते, तो अकरा मिनिटांत घरोघर परत गेला. मैना झाडू धरून उभी होती. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यासमोर काम आपणहून संपत होतं.

उरलेली फुलं बायकांनी बाळकाकांच्या कारखान्यामागच्या खड्ड्यात खतासाठी नेली. हौद धुतला. कमानीवरची वेल कितीतरी वर्षांनी दिसली.

पाहणीवाले आले, हौद बघून गेले. मागे राहिलेल्या मुकादमाच्या हातात श्रीनिवासरावांनी बासष्टावं पत्र दिलं. एकसष्ट तक्रारी मागे घेतल्या आहेत, कोपरा मी आणि माझे शेजारी घाण करत होतो, मैनाबाईंचा दोष नाही. खाली सही आणि तिच्या खाली आणखी सतरा सह्या. मुकादमाने पत्र दोनदा वाचलं. असा अर्ज कुठल्या फायलीत लावतात, ते त्याला माहीत नव्हतं.

सोमवारी सकाळी श्रीनिवासराव गच्चीच्या कठड्याला धरून वाट बघत होते. सात वाजले, सात-पाच झाले. सात-दहाला वळणावर मैना दिसली, आणि त्यांनी कठडा सोडला. नऊ वाजता घंटागाडी आली, तेव्हा ते पिशवी घेऊन खाली उतरले. कचेरीत आता ते रोज वीस मिनिटं उशिरा जातात. साहेबांना तसं लेखी कळवलंय.

मंडळी, गाव सुंदर करायचं तर पाट्या, फरशा, तक्रारी यांची फारशी गरज नसते. दाराबाहेर टाकलं म्हणजे आपलं उरलं नाही, हा समज तेवढा सोडावा लागतो. रस्ता झाडणाऱ्या बाईला आपण कोणाची घाण उचलतोय हे नेहमीच माहीत असतं. ते आपल्यालाही माहीत असलं की पुरे.