किशनरावांचा तारांकित प्रश्न

संसदेचं अधिवेशन संपलं की वाईट वाटणारा माणूस उभ्या लातुरात एकच होता, आणि तो कुठल्याही पक्षाचा नव्हता. नाव भीमाशंकर, बाजार समितीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. सभागृह अनिश्चित काळासाठी तहकूब झाल्याची बातमी लागली की ते टीव्हीचा आवाज बंद करायचे, चष्मा पुसायचे आणि त्या दिवशी भाकरी अर्धीच खायचे.

कारण सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून ते कुणाला सांगत नसत. त्यांची एकुलती एक लेक वर्षाराणी दिल्लीत एका कंपनीत होती. कुठलं विधेयक मांडलं, कुठलं समितीकडे गेलं, अर्थसंकल्पातल्या कुठल्या ओळीनं कुणाचा धंदा बसणार, हे गिऱ्हाइकांना वेळेत कळवणं हे त्या कंपनीचं काम. आई, गुरम्मा, गेल्यापासून अप्पा दिवसभर भिंतीवरच्या पालीची हजेरी घेतात असं शेजारणीनं कळवलं, तेव्हा वर्षाराणीनंच त्यांना या कामाला जुंपलं. उदगीरच्या डाळमिला, देगलूरचे बियाणेवाले, अर्धापूरचा केळीवाल्यांचा गट, अशी एकेचाळीस गिऱ्हाइकं इकडची होती आणि इंग्रजी टिपण उघडायची तसदी त्यातलं एकही घेत नव्हतं. मग सभागृह उठलं की सात वाजता वर्षाराणीचा फोन येई. ती सांगे, भीमाशंकर जुन्या पावतीपुस्तकांच्या पाठीवर पेन्सिलीनं उतरवून घेत आणि आपल्या मराठीत ते एकेचाळीस मोबाइलांवर सोडत.

फोनवर बोलणं कामाचंच.

"अप्पा, तुरीच्या आयातीची मुदत वाढली."

"किती?"

"एक वर्ष."

"हूं. जेवलीस?"

"अजून नाही. पुढचं लिहा."

या 'जेवलीस' आणि 'पुढचं लिहा'च्या मधे जी जागा होती, तिच्यात भीमाशंकर वर्षभर राहत होते. अधिवेशन नसलं की फोन नसे. पोरगी वाईट नव्हती. तिला कामाशिवाय बोलताच येत नव्हतं, आणि हा गुण तिनं कुठून उचलला ते भीमाशंकरांना रोज दाढी करताना दिसायचं. अधिवेशनाच्या तारखांची ते लग्नाच्या मुहूर्तासारखी वाट बघत. गोंधळ घालून कामकाज बंद पाडणाऱ्या खासदारांवर त्यांचा फार राग होता, तो लोकशाहीच्या काळजीपोटी नव्हता. कामकाज झालं नाही तर फोन दीड मिनिटात संपायचा.

यंदा शेवटच्या दिवशी वर्षाराणी म्हणाली, "अप्पा, पुढच्या वेळेपासून तुम्हाला त्रास नाही. ऑफिसनं कॉम्प्युटरची सोय केलीय. मराठी टिपण आपोआप गिऱ्हाइकांना जाईल."

"आणि मी?"

"तुम्ही आराम करा."

दुसऱ्यांदा निवृत्त झाले ते, आणि या खेपेला शाल-श्रीफळही नव्हतं.

आठवड्याभरानं वीरेश आला. उदगीरच्या एका डाळमिलीचा मालक. लातूरच्या आडतीत आला की चहाला डोकावायचा. त्यानं मोबाइल पुढं केला.

"अण्णा, नमुन्याचं टिपण आलंय तुमच्या पोरीच्या ऑफिसातून. लई शुद्ध हाय. दोनदा वाचलं, मला माझाच धंदा कळंना."

"मग विचारायचं."

"इचारायची सोय हाय की. खाली लिव्हलंय बघा, गिऱ्हाइकाच्या शंकेला वर्षाराणीकडून चोवीस तासांत उत्तर. पण अण्णा, शंका यायला आधी थोडं तरी समजावं लागतं न्हवं?"

वीरेश हसत चहा प्यायला. भीमाशंकरांचा चहा मात्र कपातच राहिला. ते त्या खालच्या ओळीकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी यादीत बेचाळिसावं गिऱ्हाईक दाखल झालं. श्री. किशनराव, मुक्काम हदगाव, जिल्हा नांदेड, प्रगतिशील शेतकरी. वर्गणी भीमाशंकरांनी आपल्या पेन्शनमधून भरली आणि नंबर नव्या सिमकार्डाचा दिला. हदगाव अशासाठी, की उदगीरचा माणूस घातला असता तर वीरेशनं त्याचं घरदार विचारलं असतं.

किशनराव जन्मले तेच चौकस. कापसावरच्या आयात शुल्काचं काय झालं? सोयाबीनच्या पेंडीबद्दल समिती नेमली, तिची बैठक झाली का? पुरवणी मागण्यांमध्ये सिंचनाला किती? वर्षाराणीची उत्तरं चोवीस तासांच्या आत येत, नेमकी आणि मुद्देसूद, मोबाइलवर टाइप केलेली. भीमाशंकर ती तीन-तीनदा वाचत. उत्तरात समितीची सगळी हकीकत असे, फक्त पोरीचा आवाज नसे. दीड महिन्यात किशनरावांनी एकवीस प्रश्न विचारले. एका हंगामात त्यांच्या शेतात कापूस, तूर, सोयाबीन आणि केळी अशी सगळी पिकं घेऊन झाली होती.

बाविसाव्या प्रश्नाच्या वेळी भीमाशंकरांना नियम आठवला. संसदेत साध्या प्रश्नाला लेखी उत्तर मिळतं. तोंडी उत्तर हवं असेल तर प्रश्नाला चांदणी लावावी लागते. तो तारांकित प्रश्न. त्याला मंत्र्यानं उभं राहून उत्तर द्यायचं, वर पुरवणी प्रश्नही ऐकून घ्यायचे. एवढी वर्षं दुसऱ्यांचे तारांकित प्रश्न उतरवून घेतले, आणि ही साधी गोष्ट सुचली नाही.

त्यांनी चांदणी काढली आणि पुढं लिहिलं:

(अ) दिल्लीत नोकरीस असलेल्या लातूर जिल्ह्यातील मुली अधिवेशन नसताना गावी येतात, हे खरे आहे काय;

(ब) असल्यास, त्यांपैकी एक मुलगी आईच्या वर्षश्राद्धानंतर अडीच वर्षे आलेली नाही, हे खरे आहे काय;

(क) असल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

पाठवलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की हदगावच्या शेतकऱ्याला हे विचारायचं काही कारण नव्हतं. मेसेज परत घ्यायला बोट गेलं, तोवर तो वाचला गेला होता.

ठीक सात वाजता फोन वाजला. अधिवेशन नसताना.

"अप्पा, किशनराव आहेत का तिथं?"

"आत्ताच गेले."

"हदगावला?"

"हाव. शेवटची बस असते."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"अप्पा, कुठला शेतकरी (अ), (ब), (क) पाडून प्रश्न विचारतो? तेही पहिल्या दिवसापासून?"

भीमाशंकरांनी पावतीपुस्तक मिटलं. तीस वर्षांच्या हेडक्लार्कीनं असा दगा दिला होता.

"कधी कळलं?"

"दुसऱ्या प्रश्नाला."

"मग एवढी उत्तरं कशाला देत बसलीस?"

"गिऱ्हाईक आहेत. वर्गणी भरलीय त्यांनी." पलीकडे ताट-वाटी वाजली. "आणि ऑफिसात आता सगळे त्या कॉम्प्युटरलाच विचारतात. मला विचारणारे तेवढे एक किशनरावच उरलेत."

भीमाशंकरांनी पावतीपुस्तक पुन्हा उघडलं. मग ते म्हणाले, "प्रश्न तारांकित आहे."

"बघितली चांदणी." तिनं घसा साफ केला आणि मंत्र्याच्या एकसुरी आवाजात सुरू केलं, "(अ) व (ब): हे खरे आहे. (क): माहिती गोळा करण्यात येत असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल."

"म्हणजे हे आश्वासन झालं. तीन महिन्यांत पाळावं लागतं."

"मला माहितीय."

"मुदतवाढ मागतेत लई जण."

"तेही माहितीय, अप्पा. पुरवणी प्रश्न आहे का?"

पुरवणी प्रश्न होते. पावतीपुस्तकाची चार पानं भरून होते. त्यातला एकही त्यांना वाचता आला नाही.

"जेवलीस?"

"कुकर पडला की बसते. वरण-भातच आहे." 'पुढचं लिहा' आलं नाही. ते येईल म्हणून भीमाशंकर पेन्सिल धरून बसले होते. "आणि किशनरावांना नियम सांगा. तारांकित प्रश्न एका सदस्याला दिवसाला एकच. जास्त पाठवू नका म्हणावं."

"दिवसाला एक?"

"एक."

"अधिवेशन नसलं तरी?"

"अधिवेशनाचं किशनरावांना काय करायचंय?"

फोन ठेवल्यावर त्यांनी कॅलेंडर काढलं आणि तीन महिन्यांपुढच्या तारखेला खूण केली. पेन्सिलीनंच केली, आश्वासनांचं काय होतं हे त्यांच्याइतकं कुणी जवळून पाहिलं नव्हतं. मग पावतीपुस्तकाचं कोरं पान उघडून त्यावर वर कोपऱ्यात एक चांदणी काढली, नीट, पाची टोकं सारखी येईपर्यंत. प्रश्न काय विचारायचा ते उद्या बघता येणार होतं.