दोन घरांची एक चावी

मी एक जुनी लोखंडी चावी आहे. कुलपाची नव्हे, पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवायची, चांगली हातभर लांब. बिबवेवाडीच्या एका गल्लीत शेजारशेजारच्या दोन घरांना मिळून एकच पाइप होता आणि माझ्यावाचून त्याचा व्हॉल्व्ह हलत नसे. सकाळी थोडाच वेळ पाणी येई. द्वारकाबाईंचं भरून झालं की त्या व्हॉल्व्ह शालनताईंकडे फिरवत आणि मला त्यांच्या दाराच्या खिळ्याला अडकवत. दुसऱ्या दिवशी आधी शालनताई, मग द्वारकाबाई. "भरा हो, बाई!" एवढी हाक पुरे. मित्रांनो, तेव्हा मला फार मान होता.

एका सकाळी द्वारकाबाईंच्या सासूबाई न्हाणीत घसरून पडल्या. घरचे त्यांना घेऊन दवाखान्यात धावले आणि मी आतच कोंडली गेले. शालनताईंना दिसलं ते फक्त कुलूप आणि स्वतःचं कोरडं पिंप. संध्याकाळी द्वारकाबाई कपडे न्यायला आल्या आणि जाताना घाईघाईने मला खिळ्याला अडकवून गेल्या.

"एका शब्दाने सांगवलं नाही!" शालनताई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळं पाणी स्वतः भरलं आणि मला कपाटामागे टाकलं.

सासूबाईंना घेऊन द्वारकाबाई परतल्या, तर घरात घोटभर पाणी नाही. "घरात दुखणं, आणि हिने चावी दाबून ठेवली!" त्या नवऱ्याला म्हणाल्या.

शालनताईंची मुलगी पूर्वा आईला म्हणाली, "अगं, शेजार रोजचा आहे. एकदा आपण देऊन तर बघू."

"आणि तिने परत नाही दिली तर? मूर्ख ठरेन मी."

तरी पूर्वाने हट्टाने मला नेऊन दिलं. "आता सुचलं होय!" द्वारकाबाई म्हणाल्या, आणि त्यांनीही मला ठेवूनच घेतलं. "कळू दे तिलाही."

मग शालनताईंनी वेल्डरकडून दुसरी चावी करून आणली. एक डावीकडे पिळी, दुसरी उजवीकडे. शेवटी व्हॉल्व्हचा दांडाच तुटला आणि पाणी दोन्ही दारांसमोरून गटारात गेलं. ती देत नाही, मग मी का द्यावं? दोघींचा हिशेब चोख होता. पिंपंही दोघींची कोरडीच होती.

पुढे सासूबाई वारल्या. भेटायला गेली ती एकटी पूर्वा. आजी नेमक्या कोणत्या सकाळी पडल्या होत्या, ते तिने घरी येऊन सांगितलं. शालनताई उठून उंबऱ्यापर्यंत गेल्या. पण आता कोणत्या तोंडाने जायचं, म्हणून त्या गेल्याच नाहीत.

आज दोन घरांना दोन पाइप आहेत आणि मी भंगाराच्या पोत्यात. मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. लोखंड काय, वितळेल. पण ज्याच्या शेजारी उद्याही राहायचं आहे, त्याच्या हातून चूक झाली तर आधी त्याचं दार वाजवा. माझ्या त्या दोघी अजूनही रोज सकाळी एकमेकींकडे पाठ करून सडा घालतात.